उरलेलं उद्या सांगते

गेल्या महिन्यात एका शनिवारी कॉलेजच्या कँटीनमध्ये गजानननं मला एक काम सांगितलं. नाही म्हणायला हवं होतं, पण तेव्हा सुचलं नाही...

गजानन माझा वर्गमित्र. वयानं माझ्या भाच्याएवढा. बिडकीनला राहतो, रोज कंपनीच्या बसगाडीनं वाळूजला नोकरीला जातो आणि माझ्यासारखाच एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी औरंगपुऱ्यात एका टॅक्स सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. चाळिशी ओलांडल्यावर शिकायला लागले म्हणून घरी, ऑफिसात बरंच कौतुक झालं. त्या कौतुकावर पहिलं वर्ष निघालं.

दुसऱ्या वर्षी मालमत्तेच्या कायद्याचा पेपर राहिला. नापास झाले नव्हते, पेपरला बसलेच नव्हते. अभ्यास झाला नाही म्हणून त्या सकाळी तब्येतीचं कारण सांगून घरी थांबले. या खेपेलाही तो निघाला नाही, तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. हे मला पक्कं माहीत होतं, तरी महिनाभर मी फक्त तयारीची तयारी करत होते... झेरॉक्स, रंगीत पेनं, कपाटावर चिकटवलेलं टाइमटेबल. मूड लागला की बसू, असं चाललं होतं.

गजाननचाही तोच विषय राहिलेला. तो म्हणाला, "ताई, मला गाडीत वाचायला जमत नाय, मळमळतं. तुम्ही रोज थोडं वाचून व्हॉट्सॲपवर बोलून पाठवाल का? मी ऐकत जाईन."

मी हो म्हणाले. त्याला मदत म्हणून नाही. माझा अभ्यास झालेला आहे, असं त्याला वाटत होतं आणि ते खोडून काढायचं माझ्या जिवावर आलं होतं.

मग संध्याकाळी ऑफिसातून आले की एकीकडे कुकर लावायचा, पुस्तक उघडायचं, दोन-चार पानं वाचायची आणि फोनसमोर बोलायचं. पहिले काही दिवस पुस्तकातलंच वाचून दाखवलं. मग लक्षात आलं, की न समजलेलं वाक्य मी जरा भरभर वाचते...

तरी पानं पुढं सरकत होती. मूड वगैरे लागत नव्हता. सकाळी गाडी निघायच्या आत पाठवायचं, एवढंच डोक्यात असायचं.

बक्षीसपत्राच्या प्रकरणाला आले त्या दिवशी कंटाळा आला होता. बक्षीसपत्र म्हणजे आपली मालमत्ता मोबदला न घेता दुसऱ्याच्या नावावर करून देणं. ते कसं करतात, नोंदणी, साक्षीदार, इथपर्यंत सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "उरलेलं उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. तिसऱ्या दिवशी कुणीच आलं नव्हतं, तरी सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी डबा भरत होते, तेव्हा गजाननचा फोन आला. आवाज मात्र त्याचा नव्हता.

"मॅडम, मी आसाराम बोलतोय, गजाननच्या गाडीतला. गजानन झोपलाय. दोन दिस झाले, तुमचा टेप आला नाय. तब्येत बरी हाय ना?"

मला काही कळेना. मग त्यांनीच उलगडून सांगितलं. गजाननचा इअरफोन पहिल्याच आठवड्यात बिघडला होता. तेव्हापासून तो स्पीकरवर ऐकायचा आणि त्याच्याबरोबर अर्धी गाडी ऐकायची. मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडमला म्हणा, कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो." हसण्याचा आवाज आला. मी ओशाळले. मग रागही आला, कारण मला कुणी विचारलं नव्हतं.

आसारामभाऊ मात्र हसत नव्हते. "आमच्या मायनं घर धाकट्याच्या नावावर करून दिलं. बक्षीसपत्रच हाय. आता रडती. दिलेलं परत घेता येतं का नाय, तेवढं सांगा. तुम्ही अर्ध्यावरच सोडलं."

अर्ध्यावर सोडलं होतं, कारण पुढचं मी वाचलेलंच नव्हतं.

मी सांगितलं, मी वकील नाही, विद्यार्थिनी आहे. कोर्टात मोफत सल्ला मिळतो, कागद घेऊन तिथं जा. ते म्हणाले, "जातो की. पण जायच्या आधी कानावर तर असू द्या."

डबा तसाच ठेवला आणि ओट्याशी उभ्यानंच ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. मनात आलं म्हणून बक्षीस परत घेता येत नाही. फसवून किंवा दबाव आणून लिहून घेतलं असेल, तर गोष्ट वेगळी. म्हातारपणी सांभाळण्याच्या अटीवर दिलं असेल, तर त्याला वेगळा कायदा आहे. एवढं माझ्या शब्दांत बोलले, वकिलाला विचारा हे दोनदा सांगितलं आणि पाठवलं. त्या दिवशी एकही वाक्य भरभर वाचलं नाही... ऑफिसला उशीर झाला.

त्यानंतर रेकॉर्डिंग चुकलं नाही. माझा आळस गेला, असं मी म्हणणार नाही. कुणी वाट बघत नसतं, तर मी पुन्हा टाइमटेबल रंगवत बसले असते, याची मला बऱ्यापैकी खात्री आहे. याला शिस्त म्हणावं का, ते अजून ठरत नाही.

गेल्या आठवड्यात पेपर झाला. बसले आणि शेवटच्या घंटेपर्यंत लिहीत होते. निकाल लागायचाय. गजानन म्हणतो, निघेल. मला तेवढी खात्री नाही.

काल त्याचा मेसेज आला. "ताई, गाडीतले लोक विचारतात, पुढचा विषय कधी? आसारामभाऊ मायला घेऊन वकिलाकडं जाऊन आले."

गजानन सोडला तर त्या गाडीतल्या कुणालाच मी पाहिलेलं नाही. वाटेत भेटले, तर ओळखणारही नाही. तरी या महिनाभरात मला पुस्तकासमोर बसवलं ते त्यांनीच, आणि त्याबद्दल त्यांचे आभार कसे मानावेत ते कळत नाही.

"आधी निकाल लागू दे, मग बघू," असं मी टाइप केलं. पाठवायच्या आधी एकदा वाचलं... आणि खोडलं. मग लिहिलं, "सोमवारपासून." तेही खोडलं.

"उद्या सकाळी पाठवते" असं कळवलं आणि पुस्तक काढलं.