मांजरेच्या नावेचा पाइप

पेट्रोलचा वास आला की मला अजूनही मांजरा नदीचा तो घाट आठवतो, आणि एकमेकांकडे पाठ करून उभे असलेले दोन भाऊ. मी मूळचा रेणापूरकडचा. आमची रेणा ज्या मांजरेला मिळते, ती पुढे बिलोलीच्या अंगाला भलती रुंद होते. पैलतीरी तेलंगण. ऐलतीरावरच्या पोलीस ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता.

घाटावर दोन नावा चालत. थोरल्या भावाची वल्ह्याची आणि धाकट्याची मोटारीची. मोटार आली आणि थोरल्याची गिऱ्हाइकं गेली. त्यावरून भांडण, मग अबोला. आणि आमच्या भागातला अबोला म्हणजे साधासुधा नव्हे. शेजारी शेजारी नावा बांधतील, पण एकमेकांना हूं की चूं करणार नाहीत.

पाऊसकाळात नदी दुथडी भरलेली असताना धाकट्याची मोटार ऐन मधोमध बंद पडली. नावेत लग्नाला निघालेल्या बाया, त्यातली एक पोटुशी. नाव वाहत जाऊन जुन्या पुलाच्या खांबाला अडकली म्हणून माणसं वाचली. एकीचा हात मोडला तेवढाच. पाहिलं तर टाकीपासून मोटारीपर्यंत जाणारा पेट्रोलचा पाइप मोटारीजवळ फाटलेला.

दुसऱ्या दिवशी घाटावरच्या चहावाल्याचा फोन आला. "सायेब, माझं नाव घेऊ नगा. पर मोटारीच्या नावेपाशी थोरला चाकू घेऊन बसलेला म्या बघितलाय."

झालं! धाकट्यानं फिर्याद दिली, भावानंच पाइप कापला म्हणून. जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. चाकू थोरल्याच्या कमरेलाच सापडला. गाव ठाण्यापुढे जमलं. आमचे जमादार तर मिशीवर हात फिरवत होते, केस आयती हातात आली म्हणून. सिद्ध झाली असती तर थोरल्याची उमेदीची वर्षं तुरुंगात सरली असती.

मी थोरल्याला समोर बसवलं.

"चाकू तुझाच?"

"हाव."

"नावेपाशी गेला होतास?"

"गेलतो."

"कशाला?"

यावर गप्प. दरडावलं, समजावलं, चहा पाजला. चहा प्यायला आणि पुन्हा गप्प. नोकरीत मी खोटं बोलणारे शेकड्यांनी पाहिले. खोटं बोलणारा भरभरून बोलतो. हा बाबा दगडासारखा बसलेला. मला तेव्हाच वाटलं, हा स्वतःला वाचवत नाही, दुसऱ्या कोणाला तरी वाचवतोय.

घरझडतीला गेलो. काही सापडलं नाही. निघताना भिंतीला टेकवलेली सायकल दिसली. मागच्या चाकात टायर लोळागोळा झालेला, आत ट्यूबच नाही.

"ट्यूब कुठं गेली?" मी त्याच्या बायकोला विचारलं.

"मला काय ठावं? पंचर हाय म्हनले. तवापासून पायीच हिंडून राहिले."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ठाण्यात येऊन जप्त केलेला पाइप पुन्हा काढायला लावला. नावेच्या लाकडी कडेवर जिथं तो घासायचा, तिथं काळं रबर गुंडाळून वर सुतळीनं आवळलेलं होतं. सायकलच्या ट्यूबचंच ते रबर! त्याखालचा पाइप शाबूत होता. फाटला होता तो पुढे, मोटारीच्या तोंडाशी, जिथं वळताना त्याला पीळ बसतो. तिथं सुरीचा सरळ काप नव्हता. पाइप वाळून कडक झालेला, चहूकडे भेगाच भेगा. आणि पाइप तरी कसला? पिकावर औषध फवारायच्या पंपाचा. ज्याच्या त्याच्या घरी पडलेला असतो, तोच धाकट्यानं जोडला होता. मी तसला एक तुकडा डब्यात पेट्रोल घालून बुडवून ठेवला. काही दिवसांनी काढून वाळवला आणि वाकवला, तर कटकन मोडला.

थोरल्याला पुन्हा बोलावलं. त्याच्यापुढे ते रबर ठेवलं.

"हे तू बांधलंस? चाकू हेच कापायला नेला होतास?"

त्याचे डोळे भरले. "घासून घासून झिजला व्हता, सायेब. बाया-लेकरं बसत्यात नावेत. त्यो पाइप पेट्रोलचा न्हाई, हे मला दिसत व्हतं."

"मग सांगायचं ना त्याला!"

"बोलनं बंद हाय की. सांगू कसं?"

मी कपाळावर हात मारला. "अरे, मग इथं तरी तोंड उघडायचंस!"

"इथं सांगितलं तर त्याचा परवाना जाईल. मोटार नवी हाय त्याची."

खरं सांगतो, त्या क्षणी मला हसावं की त्याच्या मुस्कटात द्यावी की त्याला मिठी मारावी, काही कळेना.

धाकट्याला बोलावून तो पाइप हातात दिला. सगळं सांगितलं. तो बराच वेळ ते रबर बोटांनी चाचपत राहिला. मग म्हणाला, "सायेब, चूक माझीच हाय. माझं लिहून घ्या." मी म्हटलं, लिहायचं ते मी लिहीन, आधी भावाकडे बघ. तरी दोघंही भिंतीकडे तोंड करून उभे. जमादारसुद्धा खाली बघू लागले.

शेवटी धाकटाच बोलला. "दादा, सायकल आणू का दुरुस्त करून?"

थोरला म्हणाला, "आधी पाइप बदल."

गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून 'क' समरीचा, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा, अहवाल कोर्टात पाठवला. पेट्रोलचा खरा पाइप बसवून, नाव तपासून घेईपर्यंत ती पाण्यात घालायची नाही, अशी धाकट्याला तंबी दिली. पुढे नोकरीत कुठल्याही गावात तपासाला गेलो, की कोणाचं कोणाशी वैर आहे हे विचारायच्या आधी मी कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे ते विचारायचो. माणसं न बोलता किती काय काय करत असतात, ते मला त्या ठाण्यात कळलं.

बदली झाल्यावर निरोप घ्यायला घाटावर गेलो होतो. मोटारीच्या नावेत थोरला पुढे वल्हं घेऊन बसला होता, मोटार बंद पडलीच तर असावं म्हणून. नवा पाइप चकचकीत होता, आणि कडेवर जिथं घासतो तिथं धाकट्यानं स्वतःच्या हातानं ट्यूब गुंडाळली होती. ते थोरल्याचंच जुनं रबर; ते मागून न्यायला तो जप्त वस्तू सांभाळणाऱ्या आमच्या मुद्देमाल कारकुनाकडे येऊन गेला होता.