रुग्ण अजून कोरडाच आहे

किस्से गोळा करायला चार ठिकाणी हिंडावं लागतं म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. डोळे मिटून सतरंजीवर पडून राहिलं की ते आपणहून येतात आणि साठत जातात. बेशुद्ध माणसासमोर लोक काहीही बोलतात, आणि यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मी जवळजवळ रोज बेशुद्ध होते.

अम्मा, म्हणजे माझी आई, तंजावूरच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. हवामान बदलतंय, त्याने माणसं आजारी पडताहेत, ते ओळखायचं कसं आणि करायचं काय, याचा वर्ग तिने आसपासच्या खेड्यांतल्या नर्सेससाठी घेतला. प्रात्यक्षिकाला उष्माघाताचा रुग्ण हवा होता. "मध्ये मध्ये बोलणारा नको," ती घरी म्हणाली. "गप्प पडून राहील असा कोणीतरी." अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वर्तमानपत्रातून मान वर न काढता माझ्याकडे बोट दाखवलं.

घरी आम्ही मराठी बोलतो. वर्गात मात्र सगळं तमिळमध्ये चालायचं. इथे मी सगळ्यांना मराठीत बोलायला लावलंय.

* * *

पहिल्या दिवशी अम्माने मला सतरंजीवर निजवलं आणि सांगितलं, "ही शेतात पडलेली बाई. अंग तापलंय, शुद्ध नाही. कोण पुढे येतं?"

डॉक्टर इळंगो पुढे आले. नुकतेच पास होऊन एका खेड्यातल्या आरोग्य केंद्रात रुजू झालेले. वर्गात ते एकटेच पुरुष आणि एकटेच डॉक्टर. ते माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसले आणि फार प्रेमाने म्हणाले, "बाई, तुमचं नाव काय?"

मी नाव सांगितलं. शाळेत तशीच सवय आहे. कोणी विचारलं की सांगायचं.

वर्ग हसला. डॉक्टर उठले, हात झटकले आणि अम्माला म्हणाले, "टीचर, माझा रुग्ण शुद्धीवर आला. मी जागेवर जाऊन बसतो."

त्यानंतर मी कधीच उत्तर दिलं नाही.

* * *

वर्गात एक बुजुर्ग नर्स होत्या, मीनाक्षीअम्मा. त्या पहिल्याच तासाला म्हणाल्या, "टीचर, ऊन माझ्या आजीच्या वेळीही होतं. त्यासाठी वर्ग कशाला?"

अम्माने फळ्यावरचा तापमानाचा आलेख पुसून टाकला आणि त्यांनाच विचारलं, "तुम्ही लहानपणी उन्हाळ्यात कुठे झोपायचा?"

"गच्चीवर."

"आणि आता?"

"आता गच्ची रात्रभर तव्यासारखी असते. आत पंख्याखाली झोपतो. वीज गेली की बसून राहतो."

"आणि डेंग्यूचे रुग्ण कधी यायचे?"

"ऐप्पसीचा, दिवाळीच्या सुमाराचा पाऊस पडून गेला की. आता केव्हाही येतात." त्या विचार करून म्हणाल्या, "डासांनी पंचांग बघायचं सोडलंय."

अम्माने ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. आलेखाच्या जागी शेवटपर्यंत तेच राहिलं.

* * *

तिसऱ्या की चौथ्या दिवशीची गोष्ट. अम्माने एकच गोष्ट घोटून घेतली होती: उष्माघातात आधी माणूस थंड करायचा, मग हलवायचा. सावली, कपडे सैल, अंगभर पाणी, वारा. गाडी त्यानंतर.

एकेक जण माझ्याजवळ यायची, तपासायची आणि म्हणायची, "आता पाणी ओतलं." पाण्याची बादली शेजारीच भरून ठेवलेली. पण कोणी तिला हात लावायचं नाही. माझी पावडै, म्हणजे परकर, चांगली होती, खाली सतरंजी कॉलेजची होती, आणि ती वाळवणार कोण? सगळ्या हातानेच दाखवायच्या, देवळात तीर्थ शिंपडतात तसं. "पाणी ओतलं. वारा घातला. गाडीत ठेवलं."

सगळ्यांचं झाल्यावर अम्मा आली, वाकली आणि माझा दंड चाचपून पाहिला.

"कोरडी आहे," ती म्हणाली. "सगळ्यांनी पाणी ओतलं आणि रुग्ण अजून कोरडाच आहे. ही मेली."

हसावं की नाही ते कोणाला कळेना. एक खुर्ची जोरात सरकली आणि कोणीतरी झपाझप बाहेर गेलं. मी पापण्यांतून पाहिलं. सेल्वीअक्का होत्या.

* * *

सेल्वीअक्का तिरुवैयारुकडच्या एका खेड्यात नर्स आहेत. नेहमी शेवटच्या बाकावर बसायच्या आणि मला येताना उकडलेल्या शेंगा आणायच्या. आम्ही दोघी फारसं बोलायचो नाही, म्हणून आमचं जमायचं.

त्या बाहेर गेल्यावर दोघीजणी माझ्या डोक्याशी बसून कुजबुजायला लागल्या. मी मेलेलीच होते, त्यामुळे त्यांना अडचण नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात सेल्वीअक्कांच्या गावात पच्चैअम्माळ नावाची बाई कालव्याकाठच्या शेतात पडली. बायका शेतात साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, तसा तिने घातलेला होता. ती काहीबाही बडबडत होती. सेल्वीअक्का धावत गेल्या. भोवती पुरुषांचा घोळका. त्यांच्यासमोर बाईचा शर्ट काढायचा कसा, साडीवर पाणी ओतायचं कसं? लोक म्हणत होते, लवकर, लवकर, मोठ्या इस्पितळात. सेल्वीअक्कांनी तिला रिक्षात घातलं आणि वाटभर तिचा हात धरून बसल्या. इस्पितळ आलं तेव्हा हात तसाच तापलेला होता, पण बाई गेली होती.

"कोणी तिला दोष नाही दिला," एक म्हणाली.

"तेच तर," दुसरी म्हणाली. "दिला असता तर भांडली तरी असती. आता म्हणते, हा वर्ग झाला की नोकरी सोडते. कुंभकोणमला दिराचं रेशमी साड्यांचं दुकान आहे, तिथे गल्ल्यापाशी बसते म्हणते. टीचर रोज समजावतात."

अम्मा मला त्यातलं काही बोलली नव्हती. मग मला कळलं की ती रोज वर्ग संपल्यावर व्हरांड्यात कोणाशी इतका वेळ हळू आवाजात बोलत उभी असते.

* * *

दुसऱ्या दिवशी अम्माने प्रश्न टाकला. "शेतात बाई पडली, भोवती पुरुष आहेत. शर्ट कसा काढणार?"

डॉक्टर इळंगो म्हणाले, "आरोग्य केंद्रात हिरवा पडदा असतो. स्टँडवरचा. तो न्यायचा."

"बांधावरून? चाकांवर?" मीनाक्षीअम्मांनी विचारलं.

डॉक्टर खाली बसले.

उत्तर मीनाक्षीअम्मांनीच दिलं. गावात बाळंतपण अर्ध्या वाटेत झालं तर बायका काय करतात? गोल करून, पाठ करून उभ्या राहतात, पदर पसरून. लगेच करून पाहिलं. माझ्याभोवती साड्यांची विहीर झाली. आत मी, सेल्वीअक्का आणि बादली. डॉक्टर बाहेर राहिले.

"मी काय करू?" बाहेरून त्यांचा आवाज आला.

"पाणी आणा," सगळ्या एकदम म्हणाल्या.

तेव्हापासून डॉक्टर इळंगोंचं काम ठरून गेलं. कोणी "उष्माघात" म्हटलं की ते बादली घेऊन नळाकडे धावायचे. वर्ग संपेपर्यंत त्यांच्याइतकं पाणी कोणी वाहिलं नसेल.

त्या दिवसापासून मी रोज ओलीचिंब होऊन घरी जायला लागले. सगळ्यांनी खरंच पाणी ओतलं. सेल्वीअक्का सोडून. त्यांनी त्या विहिरीत बादली उचलली, माझ्यावर धरली. मी पापण्यांतून पाहत होते. मग त्यांनी बादली परत खाली ठेवली, अगदी अलगद, आवाज न करता. बाहेरच्यांना कळलंच नाही. अम्माला कळलं.

नंतरही रोज तसंच. त्या बादली उचलायच्या आणि ठेवायच्या.

* * *

एकदा सगळा वर्ग व्हॅनमधून एका गावात गेला. झाडाखाली शेतमजूर बायका डबे सोडून बसल्या होत्या. डॉक्टर इळंगोंनी छान सांगितलं: तहान लागायची वाट बघू नका, थोडं थोडं पाणी पीत राहा, मीठ घालून पेज प्या.

एक बाई ऐकत होती. तिने भात कालवता कालवता विचारलं, "पिऊ की. मग जायचं कुठे, भाऊ?"

डॉक्टरांनी चारी बाजूंना पाहिलं. सपाट शेत होतं, आडोसा कुठेच नाही. झाड एकच, आणि त्याखाली आम्ही.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात हात वर करून म्हणाले, "टीचर, त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या धड्यात आहे?"

अम्मा म्हणाली, "तो धडा अजून कोणी लिहिलेला नाही. तुमच्या गावी परत गेलात की पंचायतीत जाऊन लिहायला घ्या."

डॉक्टरांनी ते वहीत उतरवून घेतलं. मीनाक्षीअम्मा मागून म्हणाल्या, "बघा, पाणी आणण्यापेक्षा अवघड काम मिळालं."

* * *

शेवटच्या दिवशी समारंभ होता, म्हणून मी आजीने दिलेली निळी रेशमी पावडै घातली होती. त्या दिवशी कोणी मला निजवणार नव्हतं.

दुपारी सगळे फाटकाशी निरोप घेत उभे होते. सेल्वीअक्कांनी अम्माला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "येते टीचर. दुकानाकडे आलात तर साडी मी स्वतः निवडून देईन." अम्माने नुसती मान हलवली.

रस्त्यापलीकडे भांड्यांच्या नव्या दुकानाचं उद्घाटन चाललं होतं. तिथे पोय्काल कुदिरैचा नाच होता: पायांना लाकडी पाय बांधायचे, कमरेभोवती सजवलेला कापडी घोडा, अंगात जरीचा जाड मखमली अंगरखा, आणि राजासारखं नाचायचं. तो माणूस सकाळपासून नाचत होता. नाचता नाचता तो वाकडा झाला आणि घोड्यासकट आडवा पडला. लोकांना वाटलं नाचाचाच भाग आहे. काहींनी टाळ्या वाजवल्या.

मी सेल्वीअक्कांकडे पाहिलं, पण त्या जागेवर नव्हत्या. रस्त्याच्या मध्यावर पोचल्या होत्या.

आम्ही मागून धावलो. माणूस डोळे फिरवून काहीतरी बडबडत होता. सेल्वीअक्कांनी त्याच्या मानेला हात लावला आणि ओरडल्या, "सावलीत घ्या. पट्टे कापा." शेजारच्या तण्णीर पंदलात, म्हणजे उन्हाळ्यातल्या पाणपोईत, त्याला ओढत नेलं. मीनाक्षीअम्मांनी उद्घाटनाच्या फितीची कात्री आणून घोड्याचे पट्टे आणि अंगरखा कापला. डॉक्टर इळंगोंना कोणी सांगितलं नाही. ते नळ शोधायला पळाले होते.

पंदलातलं पाणी संपलेलं होतं. राहिलं होतं ते ताक, बर्फ घातलेलं, मोठ्या रांजणात. सेल्वीअक्कांनी तिथलीच एक बादली रांजणात बुडवली आणि पूर्णच्या पूर्ण त्याच्या अंगावर ओतली.

पंदलवाले आजोबा हादरले. "अहो बाई, ते प्यायचं आहे!"

"हा अंगाने पिईल," त्या म्हणाल्या आणि दुसरी बादली भरली.

ताकातली कढीलिंबाची पानं त्याच्या छातीवर चिकटली. अम्मा आणि बाकीच्या दुकानाच्या जाहिरातीचे पुठ्ठे घेऊन वारा घालत होत्या. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. ड्रायव्हर दार उघडून म्हणाला, "उचला, उचला." घोळका म्हणाला, "लवकर. मोठ्या इस्पितळात." दोघांनी त्याचे पाय धरलेसुद्धा.

सेल्वीअक्का आडव्या आल्या. "नाही."

"अहो, मरेल तो!"

"अजून तापलेला आहे. थांबा."

"तुम्ही कोण?" ड्रायव्हरने विचारलं.

"मी नर्स आहे," त्या म्हणाल्या आणि बादली परत बुडवली.

मी अम्माकडे पाहिलं. पुठ्ठा हलवता हलवता ती रडत होती, पण वारा थांबवला नव्हता.

डॉक्टर दोन बादल्या पाणी घेऊन धापा टाकत आले. त्या ओतल्या. मग परत ताक. किती वेळ गेला कोण जाणे. माणसाने डोळे उघडले, स्वतःच्या पांढऱ्या पोटाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"माझा घोडा कुठे आहे?" त्याने विचारलं.

"सावलीत बांधलाय," मीनाक्षीअम्मा म्हणाल्या.

सेल्वीअक्कांनी पुन्हा त्याच्या मानेला हात लावला, बराच वेळ ठेवला, आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "आता न्या." डॉक्टर इळंगो बरोबर गेले. गाडीत बसताना त्यांच्या हातात अजून रिकामी बादली होती.

घोळका पांगला. सेल्वीअक्का ताकाने माखलेल्या साडीत रांजणाशी उभ्या होत्या. अम्मा जवळ जाऊन म्हणाली, "सेल्वी, साडी बघ तुझी."

"हो ना," त्यांनी खाली पाहिलं. "अशा बाईला दुकानात कोण बसू देईल, टीचर?"

मग त्यांनी तळातलं उरलेलं ताक बादलीत घेतलं आणि चालत माझ्याकडे आल्या. मी निळ्या पावडैत खांबाला टेकून उभी होते. अम्माने पाहिलं. सेल्वीअक्कांनी बादली दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावर उचलली. या वेळी ती परत खाली ठेवली नाही. त्यांनी ती सबंध ओतली.

मी डोळे मिटले नाहीत.