काकू, कात्रिन आणि गवती चहाची आमटी

किस्से जमवायला म्हणून कुणी प्रवासाला जात नाही. आम्हीही गेलो नव्हतो. पण ड्रेस्डेनच्या आमच्या वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या होस्टेलमध्ये, सामायिक स्वयंपाकघरात कुणी नारळाच्या दुधाचा डबा उघडला की त्या प्रवासाचा विषय निघायचाच. एक किस्सा निखिल सांगायचा, एक मी, आणि दोघांचंही चुकलंय म्हणून तिसरा कात्रिन.

मी आणि निखिल शेजारच्या खोल्यांत राहून पीएच.डी. करत होतो. कात्रिन निखिलच्या लॅबमधली. निखिलचे बाबा आदल्या वर्षी अचानक गेले. तो दर रविवारी कॉलिंग कार्डवरून पुण्याला आईला फोन करायचा आणि काकूंचं उत्तर ठरलेलं असायचं, "बरं चाललंय." त्या घराबाहेरच पडत नाहीत हे शेजाऱ्यांकडून कळलं.

त्या हिवाळ्यात आम्ही तिघं मलेशिया आणि थायलंड फिरायला निघणार होतो. निखिलने चाचरत विचारलं, "आईला पुण्याहून तिकडेच बोलावून घेतलं तर?"

कात्रिन म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. माझ्या खोलीत एक पलंग रिकामाच आहे."

*

क्वालालंपूरच्या विमानतळावर काकू बाहेर आल्या त्या थकलेल्या, एवढ्याशा झालेल्या. निखिलला बघून त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात कात्रिनने जर्मन पद्धतीने ताठ उभं राहून हात पुढे केला. काकूंनी पर्स उघडली आणि त्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला.

कात्रिनने लाडवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आल्झो... म्हणजे, हा आत्ताच खायचा असतो का?"

काकूंना इंग्रजी कळायचं, बोलायला मात्र त्या लाजायच्या. त्या मराठीतच म्हणाल्या, "तिला म्हणावं, सामान मी बघते. तू खा."

*

पिनांगला आम्ही एका तमिळ कुटुंबाच्या घरी उतरलो होतो. अंगणात कढीपत्त्याचं झाड होतं. "तिकडे ड्रेस्डेनला मिळत नाही रे तुम्हाला," असं म्हणून काकूंनी घरमालकिणीला खुणेने एक डहाळी मागितली. त्या बाईंनी कोयता आणला आणि अर्धं झाड छाटून दिलं.

ते ओझं पुढे थायलंडपर्यंत कात्रिनने वाहिलं. तिच्या पाठीवरच्या रुक्सॅकमधून झुपके बाहेर आलेले. रस्त्यात लोक वळून बघायचे. ती म्हणायची, "बघू देत. वास किती छान येतोय."

*

थायलंडला जाणारी गाडी वेळेवर आली नाही. कात्रिन तीनदा तिकीट खिडकीशी जाऊन विचारून आली. तिने पुढच्या सगळ्या गाड्या आणि बोटी जोडून ठेवल्या होत्या, त्या एकेक करून तुटत होत्या. शेवटी ती रडकुंडीला आली.

काकू तिच्या शेजारी जाऊन बसल्या. मला म्हणाल्या, "तिला सांग, गाडी आली की गाडीची वेळ होते."

मी भाषांतर केलं. कात्रिन हसायला लागली. पुढे ड्रेस्डेनच्या स्टेशनवर गाडीला उशीर झाला की ती हेच वाक्य म्हणायची, तेही मराठीत, आणि आजूबाजूचे जर्मन तिच्याकडे बघत राहायचे.

*

थायलंडमधल्या पहिल्या बेटावरचं आमचं गेस्ट हाउस एक थाई बाई चालवायच्या. काकूंनी हातवारे करून विचारलं, "हे घर तुमचंच का?"

बाई म्हणाल्या, "चाय, चाय."

काकू खूश होऊन ओट्यावर बसल्या. "बघ, न मागता चहा विचारला." खूप वेळ गेला तरी चहाचा पत्ता नाही. थाई भाषेत 'चाय' म्हणजे 'हो', हे कात्रिनने गाइडबुकात शोधून सांगितलं, तोवर काकू स्वयंपाकघरात शिरल्या होत्या.

आतून त्यांचा आवाज आला, "अरे निखिल, ही बाई गवती चहा आमटीत घालतेय."

त्यांनी त्यातल्या दोन काड्या उचलल्या, आलं ठेचलं, डब्यातलं घट्ट दूध घातलं आणि चहा करून आधी त्या बाईंना दिला. तिथे होतो तोवर रोज दुपारी दोघी त्या ओट्यावर चहा घेत बसायच्या. एक मराठीत बोलायची, एक थाईत. काय बोलता म्हणून विचारलं तर काकू म्हणाल्या, "तिचेही मालक गेलेत. तीन वर्षं झाली." हे त्यांना कसं कळलं, ते आम्हाला कळलं नाही.

*

दुसऱ्या बेटावर जाताना बोटीत निखिलने मनातलं सांगितलं. पीएच.डी. सोडून पुण्याला परत यायचं त्याने ठरवलं होतं.

काकू समुद्राकडे बघत होत्या. "येऊन काय करणार?"

"तुझ्याकडे बघायला कुणीतरी नको का?"

"माझ्याकडे कुणी बघत बसलेलं मला आवडत नाही. तुझ्या बाबांनाही मी बसू दिलं नाही कधी." मग म्हणाल्या, "तुझं ते काम पुरं कर. मला पुढच्या वर्षी ड्रेस्डेन दाखव."

रेलिंग धरून निखिल पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. मी कॅमेऱ्याशी उगाच खटपट करत राहिलो.

*

शेवटच्या दिवशी सकाळी काकू आणि कात्रिन किनाऱ्यावर गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा काकू पंजाबी ड्रेसमध्ये छातीभर पाण्यात होत्या. इतके दिवस घोट्याच्या वर पाणी आलं की मागे सरणाऱ्या आमच्या काकू. कात्रिनने त्यांना पाठीवर निजवलं होतं आणि खालून दोन्ही हातांचा आधार दिला होता. दोघींचं काय बोलणं चाललं होतं ते लाटांमुळे ऐकू येत नव्हतं.

मग कात्रिनने आमच्याकडे बघून आपले दोन्ही हात पाण्याबाहेर काढून दाखवले.

काकू तशाच तरंगत होत्या. डोळे मिटलेले, ओढणी बाजूला पाण्यावर पसरलेली.

निखिल गुडघाभर पाण्यात गेला आणि तिथूनच हाक मारली, "आई, चल आता बाहेर ये. जेवायची वेळ झाली."

काकूंनी डोळे उघडले नाहीत.

"तुम्ही जेवून घ्या," त्या म्हणाल्या.