आक्कांनी उचललेली ताटली

पोलिसाच्या पुढ्यातली ताटली उचलून परत नेणारी माणसं फार नसतात. मला सगळ्या नोकरीत एकच भेटली, आणि तो दिवस विसरू म्हटलं तरी मला विसरता येत नाही.

तेव्हा मी मिरजेजवळच्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. बेदाण्याचा हंगाम ऐन भरात होता, त्यात रमजान सुरू. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तोवर एक बेदाण्याचे कारखानदार घाम पुसत आत आले. जैन घराणं, सरळमार्गी माणूस. गाव त्यांना आप्पा म्हणायचं. त्यांच्या शेडमधून डिपिंग तेलाचे दोन सीलबंद कॅन चोरीला गेले होते. द्राक्षं वाळत घालण्याआधी या तेलाच्या पाण्यात बुडवून काढतात, म्हणजे लवकर वाळतात.

"आप्पा, दोन कॅन तेलासाठी एवढा घाम?" मी म्हणालो.

"तेलाचं काय घेऊन बसलाय साहेब, माजं हलालचं सर्टिफिकेट अडकलंय त्यात."

मी चमकलो. हलाल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं मटणाचं दुकान. बेदाण्याचा काय संबंध? मग आप्पांनी समजावलं. आखातातला एक खरेदीदार त्यांचा माल घ्यायला तयार होता, पण हलाल प्रमाणपत्र असेल तरच. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे तपासनीस आदल्या दिवशी सकाळी येऊन शेड बघून गेले. त्यांची एकच शंका होती. असलं तेल कधी वनस्पतीपासून बनवतात, कधी जनावराच्या चरबीपासून; तुमचं कुठलं? आप्पांना सांगता येईना. तपासनिसांनी कॅनवरचे नंबर टिपून घेतले आणि उद्या दुपारी नमुना न्यायला येतो म्हणाले.

"आता कॅनच न्हाईत म्हटल्यावर ते काय समजतील? मीच लपवले म्हणतील. पयल्यांदाच परदेशाचं दार उघडलंय साहेब, ते तोंडावर बंद हुईल."

अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि हवालदाराला घेऊन शेडवर गेलो. कुलूप तोडलेलं नव्हतं. हवालदारानं शेजारच्या शेडवाल्यावर संशय घेतला. माझाही कल तिकडंच होता. चोरी झाली की आधी फायदा कुणाचा ते बघायचं, हे आमच्या अंगात मुरलेलं.

शेडला लागूनच घर. आप्पांनी सोप्यात बसवलं, बेदाण्याची ताटली पुढं केली. मी मूठ भरणार तोच त्यांच्या आई बाहेर आल्या. या आक्का. त्यांनी माझ्याकडं बघितलं, ताटली उचलली आणि आत घेऊन गेल्या. तोंडातून चकार शब्द नाही.

"आईचं कालपास्नं मौन हाय," आप्पा ओशाळून म्हणाले.

मौन असेल, पण ताटली का उचलावी? मला राग आला, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात नाक्यावरच्या चहावाल्याचा फोन आला. हा माझा जुना खबरी. "साहेब, काल दुपारी आप्पांच्या शेडमधल्या दोन बायका वाकळंत कायतरी गुंडाळून न्हेत हुत्या. तान्ह्या लेकराला न्हेत्यात तसं जपून. लय जड हुतं."

"कुठं नेलं?"

"कुठं म्हंजे? आप्पांच्याच घरात की."

बेदाणा निवडणाऱ्या त्या दोघींना बोलावलं. आवाज चढवून बघितला. एक पदरात तोंड लपवून हसायला लागली. पोलीस विचारतोय आणि संशयित हसतोय, म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय हे मला कळलं. दुसरी म्हणाली, "आवं साहेब, आमाला शपथ घातलीया. पर चोरी न्हाई केली, येवढं खरं."

मी उठून शेडच्या मागं चक्कर मारली. चोर माल विकतो, नाहीतर पुरावा नको म्हणून ओतून टाकतो. तेल विकायचं तर घरात कशाला आणतील? आणि जमिनीवर कुठं ओघळ नव्हता, गटारात तवंग नव्हता, मुंग्यांची रांग नेहमीसारखी चालली होती. मुंग्यांकडं बघताना मला ती ताटली आठवली, आणि एकदम हसूच आलं.

सोप्यात परत आलो, आक्कांना बाहेर बोलावलं. मौन धरलेल्या माणसाचा जबाब कसा घ्यायचा, हे आम्हांला कुणी शिकवलेलं नव्हतं. म्हणून मीच बोललो.

"आक्का, तेल तुम्ही विकणार नाही, कारण घेणारा ते वापरणार. ओतणारही नाही, कारण किडामुंगी मरणार. खोटं बोलायचं नाही, म्हणून मौन धरलंत. आणि त्या तेलात चरबी असेल या शंकेनं मघाशी मला बेदाणे खाऊ दिले नाहीत. बरोबर ना?"

आक्का उठल्या. कोठीचं दार उघडून त्यांनी वाकळ बाजूला केली. दोन्ही कॅन तिथं, सील शाबूत.

आप्पांनी वाकून सील चाचपलं. "आई, तू?"

"मौन मोडलं माजं. प्रायश्चित्त घीन मी," आक्का म्हणाल्या. "पाणी गाळून पितो आपण, आन् तेल न इचारता वापरतो व्हय रं? तुला इचारलं, चरबी हाय का, तर म्हनतोस म्हाईत न्हाई. म्हाईत न्हाई ते लोकांच्या तोंडात कसं घालायचं?"

ठरल्याप्रमाणे दुपारी नमुना न्यायला आलेले तपासनीस दारात उभे राहून ऐकत होते. वयस्कर, रत्नागिरीकडचे, मराठी बोलणारे गृहस्थ. आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. तपासनीस मात्र चपला काढून आत आले आणि आक्कांपुढं जमिनीवर बसले.

"आक्का, हाच प्रश्न विचारायला मी एवढ्या लांबून येतो. लोक उत्तर द्यायला टाळतात. तुम्ही तर माझ्या आधी माल अडवलात."

"मग सांगा, हाय का चरबी?"

"नमुना द्या. तपासून सांगतो."

आक्कांनी कॅन पुढं सरकवला, पण अट घातली. "फोन आदी मला करायचा. पोराला नगं."

कॅन घरातच सापडल्याचा आप्पांचा जबाब घेऊन मी अर्ज निकाली काढला. आक्कांनी मात्र मला आणि तपासनिसांना जेवायला थांबवून घेतलं. आता गंमत बघा. आक्कांचं जेवण दिवस मावळायच्या आत, तपासनिसांचा रोजा दिवस मावळल्यावर सुटणार. एका पंगतीला बसणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. आक्कांनी आपलं आधी उरकलं, आणि दिवस मावळल्यावर त्यांचं पान स्वतःच्या हातानं मांडलं. मी दोन्ही पंगतींना जेवलो. मला कसलाच उपास नव्हता.

ठाण्यात एवढी वर्षं मी 'फायदा कुणाचा' हेच विचारत आलो होतो. त्या दिवसापासून 'सहन कुणाला झालं नाही' हेही विचारायला लागलो. बरीच कोडी त्यानं सुटली, आणि माणसांवरचा माझा विश्वासही जरा वाढला.

या गोष्टीला काही आठवडे झाले असतील, तेव्हा एका सकाळी ठाण्याचा फोन वाजला.

"साहेब, मी आक्का. आत्ताच त्यांचा फोन आलता. तेल वनस्पतीचं निघालं, सर्टिफिकेट मिळतंय. पोराला अजून सांगितलं न्हाई, आदी तुमास्नी सांगते. आन् त्या दिवशी तुमच्या पुढ्यातनं ताटली न्हेली, लय वाईट वाटलं बगा. भरून ठेवलीया. या, आता खावा."