संकष्टीची भरती

आमच्या शाळेतल्या शिक्षकांची सहल यंदा समुद्रावर निघाली आहे आणि सूचनांचा कागद मी लिहायचा असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. कोळवण खोऱ्यातल्या या शाळेत तिकडचं काहीही विचारायचं असलं की मला विचारतात. खाडीच्या तोंडाशी वसलेलं ते शहर, हिवाळ्यात तिथल्या वाळूवर उतरणारे हजारो पक्षी, सकाळी होडीतून दिसणारे डॉल्फिन, हे सगळं मला पाठ आहे अशी माझी ख्याती आहे. शहराचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याची काही चूक नव्हती.

चार सूचना लिहून झाल्या. घाट उतरेपर्यंत ज्याला मळमळतं त्याला खिडकीशी बसवा. पिण्याचं पाणी बरोबर न्या, तिथलं मचूळ लागतं. पक्षी बघायला जाताना पांढरे किंवा भडक कपडे घालू नका. दुपारी वाळूवरून ऊन उलटं तोंडावर येतं, डोक्याला काहीतरी बांधा. पाचवी सूचना भरती-ओहोटीची. तिथे माझं पेन थांबलं, ते तीन दिवस थांबलेलंच होतं.

त्या शहरात मी दोनदा गेलो आहे असं सगळे समजतात. मी एकदाच गेलो आहे. पहिली वेळ खोटी होती.

पुण्यात मास्तरकीचं शिक्षण घेत असताना आमच्या वर्गाची सहल तिकडे गेली होती. आक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, मला दशम्या करून दिल्या होत्या. दाजींनी स्वतःचा मफलर दिला होता. आई लवकर गेल्यामुळे मी या दोघांच्याच घरी वाढलो. सहलीच्या आदल्या दिवशी मी सिनेमाला गेलो, उशिरा झोपलो आणि पहाटे उठलोच नाही. गाडी निघून गेली. घरी जाऊन हे सांगायची लाज वाटली, म्हणून तीन दिवस वसतिगृहाच्या खोलीत बसून मी त्या दशम्या खाल्ल्या. माझ्या खोलीतला जोडीदार त्याच शहरातला होता. तो परत आल्यावर त्याला खोदून खोदून विचारलं आणि त्याचं सगळं माझं म्हणून घरी सांगितलं. थवा उठतो तेव्हा वाळूच उचलून कुणी आभाळात फेकल्यासारखी वाटते, हे वाक्य त्याचं. आक्काला ते फार आवडलं होतं. पाहुणे आले की ती मला ते पुन्हा सांगायला लावायची. असं चार-पाच वर्षं चाललं आणि मग एका हिवाळ्यात ती म्हणाली की तिला एकदा ते डोळ्यांनी बघायचं आहे.

नाही कसं म्हणणार? मी तेव्हा पंचविशीत होतो, नुकता नोकरीला लागलो होतो.

आक्काचं गाव मुळशी धरणाच्या काठाला. पाणी आमच्यासाठी नवं नव्हतं. दिवाळीनंतर धरणाचं पाणी मागे सरकू लागतं आणि उघड्या पडलेल्या गाळात दाजी पेरणी करायचे. पाण्याच्या कडेला वहाणा काढून दिवसभर काम करावं आणि संध्याकाळी यावं तर वहाणा तिथेच आणि पाणीही तिथेच, अशी त्यांची सवय. पाणी एकदा मागे गेलं की पावसाळ्याशिवाय परत येत नाही, हे आमच्या हाडांत मुरलेलं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा येतं हे मी शाळेत मुलांना शिकवत होतो, पण हाडांना ते माहीत नव्हतं.

ताम्हिणीच्या घाटातून तेव्हा गाडीचा भरवसा नसायचा, म्हणून समुद्र मावळतीला असूनही आम्ही आधी उगवतीला, पुण्याला गेलो. दाजी खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पाव्हणं, समुद्र तिकडं आन् आपण हिकडं. शिकल्याली मानसं अशीच जात्यात व्हय?" आक्का हसली. त्या सबंध प्रवासात ती हसतच होती. अंगावर जपून ठेवलेलं लुगडं आणि मांडीवर उकडलेल्या रताळ्यांची पिशवी होती, कारण दुसऱ्या दिवशी संकष्टीचा उपास होता.

त्या संकष्टीमुळे मला सगळं अगदी नेमकं आठवतं. जोडीदारानं सांगितलेलं की भरती-ओहोटीची वेळ काढायला तिथे तक्ता लागत नाही, तिथीचा पाऊणपट काढायचा. चतुर्थी असेल तर चारचा पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. पण तीन वाजता काय, पूर्ण भरती की पूर्ण ओहोटी, हे मी विसरलो होतो. रात्रभर धर्मशाळेत आठवत पडलो आणि सकाळी स्वतःशी ठरवून टाकलं की ओहोटी. जे सोयीचं होतं ते खरं धरलं.

अकराच्या सुमारास आम्ही किनाऱ्यावर पोचलो. समोर रुंद ओली वाळू, मग घोट्याएवढ्या पाण्याचा एक ओहोळ आणि त्यापलीकडे वाळूचा लांबट उंचवटा. त्याच्या टोकाला पांढरं-करडं काहीतरी हलत होतं. आक्का पुढे बघत उभी राहिली.

जवळच एक कोळीण वाकून शिंपल्या उकरत होती. आक्का म्हणाली, हिला विचारू या का पाणी कवा येतंय ते. मी झटकन नको म्हणालो. विचारलं असतं तर आधी आलेल्या माणसाला हे कसं माहीत नाही, असं दाजींच्या मनात आलं असतं. मी म्हणालो, "मला ठाऊक आहे. तीन वाजेपर्यंत पाणी मागेच जाणार." दाजींनी मान डोलावली. ओहोळाच्या कडेला एका कोरड्या टेपाडावर आम्ही तिघांनी वहाणा काढून ओळीने ठेवल्या आणि पलीकडे गेलो.

पक्ष्यांच्या बाबतीत मी खोटं सांगितलं नव्हतं, इतकंच म्हणता येईल. कुरव, टिवळे, आणि मला नावं माहीत नसलेले कितीतरी. आम्ही वाळूवर बसलो. पक्षी हळूहळू आमच्याच दिशेनं सरकू लागले. आक्का माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "आपल्याला भीत न्हाईत रं." मीही खूश झालो. ते जवळ येत होते कारण त्यांच्या पायाखालची वाळू कमी होत होती. हे मला कळायला हवं होतं. मी आक्काचा चेहरा बघत होतो.

दाजी उठून मागे बघत होते. ते म्हणाले, "वहाणा कुटं ठिवल्या आपण?"

टेपाड दिसत नव्हतं. ओहोळ आता ओहोळ राहिला नव्हता. खाडीच्या तोंडाकडून पाणी आत शिरत होतं, आवाज न करता, वेगानं, आणि माझी एक वहाण त्यावर गरगरत आतल्या बाजूला चालली होती. त्याच वेळी सगळे पक्षी एकदम उठले. ते वाक्य खरं होतं, वाळू आभाळात फेकल्यासारखीच दिसली. आम्ही कुणी वर बघितलं नाही.

आक्काला पोहता येत नव्हतं. दाजींना धरणाच्या उभ्या पाण्यात येत होतं, पण हे पाणी ओढत होतं. मला जेमतेम.

दाजींनी मला विचारलं, "मागल्या येळी तुमी कुटनं परत गेलावता?"

तो क्षण मी पंधरा वर्षं रोज नाही, पण पुष्कळदा पाहिला आहे. त्यांनी रागानं विचारलं नव्हतं. रस्ता माहीत असलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं होतं. मी आलोच नव्हतो एवढं म्हटलं असतं तर दाजींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाणी बघितलं असतं, आणि मला वाटतं त्यांना वाट सापडली असती. मी उजवीकडे बोट केलं. तिकडे जाळी बांधायचे लाकडी खुंटे पाण्यात उभे होते. म्हणालो, "त्या खुंट्यांच्या बाजूनं."

दाजी पुढे, त्यांनी आक्काचं मनगट धरलेलं, मी मागे. पाणी गुडघ्याला, मग मांडीला. दहा पावलांत कमरेला. आक्काचं लुगडं भिजून जड झालं आणि पाण्यात पसरलं. रताळ्यांची पिशवी तिनं दुसऱ्या हातानं डोक्यावर धरली होती. पाणी छातीला लागलं तेव्हा तिचा पाय सुटला आणि ती आडवी होऊ लागली. दाजींनी तिला ओढून उभं केलं. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. तेवढ्यात किनाऱ्यावरून हाक आली. शिंपल्या उकरणारी ती कोळीण टोपली हलवत ओरडत होती, "तिकडं नको, खोल आहे. मागं जा, मागं. या अंगाला या."

दाजी लगेच वळले. आम्ही पुन्हा उंचवट्यावर चढलो, तो आता खाटेएवढा उरला होता, आणि ती दाखवत होती तसं डावीकडे, खाडीच्या तोंडाकडे निघालो. मनाला पटत नव्हतं, कारण तिकडे लाटा होत्या. पण तिथे पायाखाली वाळू टणक होती आणि पाणी कमरेच्या वर गेलं नाही. ती बाई मांडीपर्यंत पाण्यात आली, तिनं आक्काचा हात धरला आणि तिला किनाऱ्यावर आणलं.

मग ती बोलली. बाईमाणसाला भरतीच्या वेळी वाळूच्या दांड्यावर नेतात का, काठावर मी जिवंत माणूस बसले होते, एक शब्द विचारायला तोंड नव्हतं का. ती माझ्याकडे आणि दाजींकडे आळीपाळीनं बघत होती. शेवटी म्हणाली, "कोणी आणलं हिला?"

मी तोंड उघडलं. दाजी म्हणाले, "म्या आणली. मला न्हाई कळलं."

मी तोंड मिटलं.

तिनं त्यांना आणखी बरंच सुनावलं आणि ते हात जोडून ऐकत राहिले. आक्का ओल्या लुगड्याचा पदर पिळत बसली होती. थोड्या वेळानं तिनं पिशवीतली निम्मी रताळी काढून त्या बाईच्या टोपलीत ठेवली. अनवाणीच आम्ही एसटी स्टँडवर गेलो.

गावात ही गोष्ट दाजींनीच सांगितली, स्वतःच्या नावावर. धरणाकाठचा माणूस समुद्रावर वहाणा ठेवून आला, असं म्हणून लोक हसायचे आणि तेही हसायचे. नव्या वहाणा घातल्या की कुणीतरी विचारायचं, दाजी, ह्या तरी संभाळताय न्हवं? मी बाजूला बसून असायचो. माझी ख्याती तशीच राहिली, उलट वाढली. दाजींनी मला त्या दिवसाबद्दल कधीही काही विचारलं नाही. त्यांना कळलं होतं का, मला माहीत नाही. गेल्या भाद्रपदात ते गेले. आता विचारायची सोय उरली नाही.

परवा रविवारी तो अर्धा कागद खिशात घालून मी आक्काकडे गेलो. ती घेवडा निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, सिनेमापासून खुंट्यांपर्यंत. तिचे हात चालूच होते. मला वाटलं होतं ती दशम्यांबद्दल बोलेल, नाहीतर बुडता बुडता वाचल्याबद्दल. ती म्हणाली, "तू तितं आदी गेला न्हवतास, ते जाऊ दे. पर ती बाई इचारत व्हती तवा गप का बसलास? ह्यांनी पंधरा वरसं हसून घेतलं."

तिनं मला चहा केला नाही. निघताना म्हणाली, "लिही त्या कागदावर. ह्यांची चूक न्हवती म्हनावं. आन् वहाणा हातात घ्या म्हनावं समद्यास्नी."

काल रात्री कागद पुरा केला. तिथीचा पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, ओहोटीची नव्हे. तरीही वाळूवर उतरण्याआधी काठावर जो कोणी काम करत असेल त्याला विचारा, तो सांगेल तसं करा. पक्षी तुमच्याकडे सरकू लागले की उठा आणि परत फिरा. वहाणा हातात घ्या. त्याखाली लिहिलं की या शहरात मी एकदाच गेलो आहे, आम्हा तिघांना चुकीच्या वेळी वाळूवर मी नेलं होतं, दाजींनी नाही.

उद्या मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत तो मलाच वाचून दाखवायचा आहे. दाजींच्या वहाणांची गोष्ट त्या खोलीत सगळ्यांना माहीत आहे.