टबासकट गाडी

गंजाडच्या रस्त्याला दक्षाचं गॅरेज आहे. शेजारच्या भातगिरणीत मी तीस वर्षं होतो. गिरणी बंद पडली तरी बसतो तिथेच. दक्षा आधी दुसऱ्याकडे पंक्चर काढायची. बॅटरीच्या मोटारसायकली आल्या तेव्हा त्या उघडून उघडून स्वतःच शिकली. बाईला गाडीतलं काय कळणार, असं म्हणणारे अजून आहेत.

वरोरची रूपी मात्र तिच्याकडेच यायची. रोज सकाळी बर्फ-मासळीचा टब मागे बांधून ती गंजाडला जाते. दोन महिन्यांत तिच्या गाडीचे तीन पट्टे गेले. मोटर ज्या पट्ट्याने मागचं चाक फिरवते, तो एका कडेने झिजून चिरायचा. तिसरा तर उतारावर तुटून चाकात अडकला. रूपी थोडक्यात वाचली. आता एक जरी पट्टा गेला तर फेरी बंद, असं तिने सांगून टाकलं होतं.

दर वेळी दक्षा पट्टा ज्यांवरून फिरतो त्या दोन्ही पुल्यांच्या कडेने दोरा ताणून त्या एका रेषेत आहेत का बघायची. सरळ. चाक सरळ बसलंय का ते दाखवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या खुणाही सारख्या. तरी आठवड्यात चौथा पट्टा चिवचिव करू लागला.

"गाडी तुझ्या दारात गप्प असते, चढावर बोंबलते," रूपी म्हणाली.

बर्फ वितळत होता. दक्षा दोऱ्याकडे बघत बसली होती.

टब नेहमीप्रमाणे मीच उतरवून सावलीत ठेवला होता. मासळीला ऊन नको, गॅरेजात वास नको. त्याच्याकडे बघता बघता गिरणी आठवली. पट्टा रिकामा नीट चालायचा, भात पडला की सरकायचा. सांगावं का? बॅटरीच्या गाडीतलं मला काय कळतंय? मग म्हणालो, "दक्षा, टब चढवून बघ."

तिने टब बांधला, रूपीला वर बसवलं आणि जमिनीवर आडवी होऊन दोरा ताणला.

"काका, इकडे या."

मागच्या पुलीपाशी दोरा आणि कड यांत नखाएवढी फट होती. टब काढला, रूपी उतरली, फट गेली. चाक धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यातलं बुश, म्हणजे आतली छोटी नळी, एका बाजूने झिजलं होतं. वजन आलं की दांडा तिरपा व्हायचा.

बुश बदलून, टब बांधून दक्षा स्वतः चढावर गेली. मी कान लावून उभा. जाताना आवाज नाही. येतानाही नाही. उरलेल्या बर्फावर रूपी तशीच गंजाडला गेली.

आठवड्याने ती पट्टा दाखवायला आली. मी टब उतरवायला उठलो.

"काका, बसा. टब राहू दे गाडीवर," दक्षा दोरा शोधता शोधता म्हणाली.

मी बसलो.