वरीलप्रमाणे

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, परमिट रूमच्या शटरला कालपासून लाखेचं सील आहे. लाल लाखेवर शिक्क्याच्या कडा स्वच्छ उमटल्यात. मी बराच वेळ तेच बघत उभा आहे आणि मला काहीच वाटत नाही.

दारूच्या नोंदवहीत एकच ब्रँड पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा यायचा, म्हणून मी खाली नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहीत गेलो. बाटल्या नोंदीबरहुकूम होत्या. एकही जास्त नाही. तरी तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "'वरीलप्रमाणे' या नावाची दारू नोंदणीत नाही. चौकशी होईपर्यंत बंद." घरातला मी पहिला पदवीधर, आणि मला त्याचा अभिमान आहे. सरकारलाही वाचता येतं, असं मी धरून चाललो होतो.

"हे लिहिलं कुणी?" साहेबांनी विचारलं.

"म्याच लिवलं, साहेब," दादा म्हणाले.

त्यांना सहीपुरतंच लिहिता येतं. साहेबांनी जबाब पुढे सरकवला. दादा वाकून, एकेक अक्षर जोडत आपलं नाव काढत राहिले. मी शेजारीच होतो. सही पुरी होईपर्यंत मला बोलता आलं असतं.